प्रेशर ताणाचं की खरंच वाढलेलं? घरी सात दिवस मोजून बघा

‘टेन्शन घेऊ नकोस, प्रेशर आपोआप उतरेल.’ दिचोलीपासून पणजीपर्यंत भेटेल त्याने मला हे ऐकवलं. हा सल्ला कुणालाच देऊ नका. राग, भीती, धावपळ यांत अॅड्रिनलीन सुटतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि प्रेशर तेवढ्यापुरतं चढतं, हे खरं. पण ते नंतर उतरतं की चढूनच राहतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

प्रेशर म्हणजे रक्तदाब मोजायचं यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्ट्यावर छापलेल्या घेरात आपला दंड बसतो का ते टेपने मोजा. माझ्या वडिलांचा दंड जाड. लहान पट्ट्यावर त्यांचा आकडा उगाच जास्त येत होता.

आधी अर्धा तास चहा, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून बसा, पाय जमिनीला, पायावर पाय नको, बाही वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला.

आता खरी अवघड पायरी: पाच मिनिटं गप्प बसणं. मी यातच फसले. संध्याकाळी बसमधून उतरून चढण चढून घरी आले आणि तशीच पट्टा बांधून बसले. १५८/९६. घाबरून लगेच पुन्हा मोजलं, १६४. मग आईला सांगत सांगत तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी छातीतली धडधड कानात ऐकू येत होती. रात्री अकरापर्यंत हेच चाललं, झोप तर लागलीच नाही. त्या रात्री मी माझी भीतीच मोजत होते, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून सांगते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मांडीवर ठेवून ‘बघत नाही’ म्हणणं चालत नाही. बोलू नका, मान हलवूनसुद्धा उत्तर देऊ नका. घड्याळ लावून पाच मिनिटं होऊ द्या. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा आणि यंत्र कपाटात ठेवून द्या. चांगला आकडा येईपर्यंत मोजत राहणं ही स्वतःची फसवणूक आहे आणि वाईट आला म्हणून मोजत राहिलात तर तो आणखी चढतो. दोन म्हणजे दोनच.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, तसंच रात्री झोपण्याआधी, असे सात दिवस. आमच्याकडे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की वडील खुर्चीत बसतात, त्यामुळे सकाळची वेळ चुकत नाही. आकड्याशेजारी दोन शब्द लिहा: किती तास झोप, घरात काय घडलं. चवथीच्या आठवड्यातली माझी वही बघितली तर पाहुण्यांच्या रात्री आकडे वर आणि विसर्जनानंतर दोन दिवसांनी खाली, असं स्पष्ट दिसतं.

पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५, यांतला एकही गाठला किंवा ओलांडला तर डॉक्टरांकडे जा. ‘टेन्शनमुळेच आहे’ म्हणून घरी बसू नका. कारण ताण असो वा दुसरं काही, चढून राहिलेलं प्रेशर हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूला सारखंच झिजवतं. आणि ताण महिनोन्महिने राहिला तर झोप मोडते, चालणं सुटतं, दारू-तंबाखू वाढते, तेही प्रेशरच्याच खात्यात जमा होतं. सरासरी चांगली आली म्हणून चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात लुळा पडतोय, तर सात दिवस थांबायचं नाही. लगेच १०८. त्रास काही नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मनावरचाच भार सोसवेनासा झाला असेल, तर टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीसुद्धा चालतो.

डॉक्टरांकडे जाताना वही अख्खी न्या. वाईट आकड्यांचं पान फाडू नका, त्यांना तेच पान हवं असतं.