अडत दुकानातला एक्सेल डेटाबेसला जोडायला निघण्यापूर्वी

हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीच्या मार्केट यार्डात कुणालाच सवड नसते. त्यामुळे दुकानातला एक्सेल त्यांच्या मायएसक्यूएल डेटाबेसला जोडायचा असेल, तर निम्मी चौकशी आदल्या दिवशी फोनवरच उरकून घ्या. पहिला प्रश्न हा विचारा: एक्सेल 32 बिट आहे की 64? विंडोजचं विचारत नाही, एक्सेलचं. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं गेलं की वरच्या ओळीतच ते लिहिलेलं असतं. ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे एक्सेल आणि डेटाबेस यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम, त्याच बिटचा लागतो. एका दुकानात विंडोज 64 बिट बघून मी ड्रायव्हरही 64 चाच टाकला. जोडणीची सेटिंग करायच्या ओडीबीसीच्या खिडकीत टेस्ट पास, एक्सेल मात्र जोडायलाच तयार नाही. एक्सेल 32 बिटचा निघाला, आणि तोवर दुपार गेली होती. विंडोजमध्ये या खिडक्याही दोन असतात. त्यातली 32 बिटची सिसवाव64 या फोल्डरात आणि 64 बिटची सिस्टम32 मध्ये, म्हणजे नावांच्या बरोबर उलट! स्टार्टमध्ये ओडीबीसी टाइप करून नावापुढचा आकडा वाचूनच उघडा.

दोन्ही बिटचे ड्रायव्हर आणि त्यांना लागणारं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घरूनच पेनड्राइव्हवर घ्या. दुकानातल्या इंटरनेटच्या भरवशावर जाऊ नका. इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो मालकांकडे असतो, मुनीमजींकडे नाही, तेव्हा तोही आधीच मागून ठेवा.

सर्व्हरच्या, म्हणजे डेटाबेस असलेल्या, पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून घ्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो आणि जोडणी तुटते. फायरवॉलमध्ये मायएसक्यूएलचा नेहमीचा 3306 पोर्ट दुकानातल्या नेटवर्कपुरताच उघडा. डेटाबेसमधला युजर फक्त लोकलहोस्टसाठी, म्हणजे त्याच पीसीपुरता, बनवलेला असेल, तर दुसऱ्या पीसीवरून तो चालणार नाही. नवा युजर करा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. यात तडजोड नको. शेतकऱ्याच्या पट्टीतला, म्हणजे विक्रीच्या हिशोबातला, आकडा एक्सेलमधून चुकून बदलला, तर कुणाच्या तरी वर्षभराच्या हळदीचा हिशोब चुकतो.

डीएसएन, म्हणजे जोडणीची साठवलेली माहिती, करताना सिस्टम डीएसएन निवडा, म्हणजे मालक आणि मुनीमजी वेगवेगळ्या लॉगिननं बसले तरी दोघांनाही तो दिसतो. आणि मायएसक्यूएलच्या यादीत एएनएसआय व युनिकोड असे दोन ड्रायव्हर दिसतील, त्यातला युनिकोडच घ्या. एएनएसआय घेतला तर शेतकऱ्यांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. टेबल यूटीएफ8एमबी4 या, मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या, पद्धतीत आहे ना, तेही बघून घ्या. मी जोडणी तपासताना पहिली क्वेरी नावांचीच चालवतो, आणि जोडाक्षरं असलेली दोन-चार नावं मुनीमजींना वाचायला लावतो.