तुराट्यांचे कुंपण आणि दोन कॅमेरे: स्टीरिओ जुळणीतील संदिग्धता कशी हाताळावी

तूर निघाली की विदर्भातल्या गावांत वाड्यांभोवती तुराट्यांची कुंपणे उभी राहतात. ट्रॅक्टरवर किंवा फवारणी यंत्रावर दोन कॅमेरे बसवून, एकच बिंदू दोन्ही चित्रांत शोधून म्हणजेच स्टीरिओ जुळणी करून, अंतर मोजू पाहणाऱ्यांसाठी असे कुंपण म्हणजे कठीण परीक्षा असते, कारण डाव्या चित्रातली एक तुराटी उजव्या चित्रातल्या चार-पाच तुराट्यांशी जवळजवळ सारखीच जुळते.

आधी कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची मापे आणि परस्पर स्थिती ठरवणे) आणि रेक्टिफिकेशन (दोन्ही चित्रे एका रेषेत आणणे) नीट करून घ्यावे, म्हणजे जुळणारा बिंदू एकाच आडव्या ओळीत शोधता येतो. दोन चित्रांतील त्याच्या जागेतला फरक म्हणजे डिस्पॅरिटी. पिक्सेलमधील फोकल लांबीला कॅमेऱ्यांमधल्या अंतराने, म्हणजे बेसलाइनने, गुणून डिस्पॅरिटीने भागले की वस्तूचे अंतर मिळते.

समजा, फोकल लांबी 700 पिक्सेल, बेसलाइन 12 सेंटिमीटर आणि कुंपण समोर 2 मीटरवर आहे. खरी डिस्पॅरिटी 42 पिक्सेल येईल. तुराट्या 4 सेंटिमीटरच्या अंतराने रोवल्या असतील, तर चित्रात दर 14 पिक्सेलला तोच नमुना परत येतो. त्यामुळे 56 आणि 28 हेही तितकेच पटणारे उमेदवार ठरतात आणि कुंपण दीड किंवा 3 मीटरवर असल्याचे उत्तर मिळू शकते. डावीकडून उजवीकडे आणि उलट जुळवून पाहण्याची पडताळणी आडोशामागे लपलेले बिंदू चांगले पकडते, पण इथे तिच्यावर विसंबू नये, कारण चुकीची जोडी दोन्ही बाजूंनी सारखीच चुकू शकते. खिडकी, म्हणजे जुळवताना बिंदूभोवती घेतलेला चित्राचा तुकडा, मोठी केल्यानेही फारसे साधत नाही; मोठ्या खिडकीत त्याच तुराट्या अधिक संख्येने येतात, इतकेच.

माझ्या मते खरा उपाय चित्र घेतानाच करावा लागतो. दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये, डाव्यापासून 3 सेंटिमीटरवर, तिसरा कॅमेरा बसवावा. या छोट्या जोडीत खरी डिस्पॅरिटी साडेदहा पिक्सेल येते आणि पुढचा खोटा उमेदवार साडेचोवीसवर, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर अंतरावर पडतो. 1 मीटरच्या आत काही येणार नाही अशी शोधाची मर्यादा घातली, की तो आपोआप बाद होतो. मात्र एका पिक्सेलच्या चुकीने इथे 2 मीटरवर सुमारे 19 सेंटिमीटरचा फरक पडतो, तर मोठ्या जोडीत तो 5 सेंटिमीटरच्या आसपास राहतो. म्हणून छोट्या जोडीने उमेदवार निवडावा आणि मोठ्या जोडीने अंतर काढावे. अनेक बेसलाइन एकत्र वापरण्याची ही दिशा ओकुटोमी आणि कानाडे या संशोधकांनी 1993 मध्ये मांडली होती.

तिसरा कॅमेरा शक्य नसेल, तर ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर संचातल्या एसजीबीएम या जुळणी पद्धतीत युनिकनेस रेशो ही मर्यादा 5 ते 15 दरम्यान ठेवावी. सर्वोत्तम उमेदवार इतरांपेक्षा पुरेसा सरस नसेल, तर तो बिंदू रिकामा सोडला जातो, आणि यंत्रासाठी चुकीच्या अंतरापेक्षा रिकामी जागा केव्हाही बरी. चुन्याने रंगवलेल्या सपाट भिंतीवरही हेच धोरण ठेवावे.

शेवटी टेपने कुंपणाच्या खूण नसलेल्या भागाचे अंतर मोजून पाहावे. 2 मीटरऐवजी 2.1 आले, तर कॅलिब्रेशन तपासावे. एकदम दीड किंवा 3 आले, तर जुळणी शेजारच्या तुराटीवर गेली आहे.