जुन्या डिझेल ट्रकचा ऍक्सिलेटर अडकतोय? तेल मारायच्या आधी हे बघा

पावसाळाभर गाडी शेडच्या कडेला उभी असते आणि ऊस सुरू व्हायच्या तोंडावर बाहेर काढली की हमखास ही तक्रार येते, पाय उचलला तरी रेस खाली येत नाही, नाहीतर पेडल अर्ध्यात चिकटतं आणि बुटाच्या टोकाने वर ओढावं लागतं. यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे पेडलवर जळकं ऑइल ओतायचं आणि निघायचं. आठवडाभर बरं चालतं, मग त्याच ऑइलवर धूळ बसून आधीपेक्षा जास्त अडकतं. म्हणून अडकतंय नेमकं कुठं ते आधी शोधा, तेलाचं नंतर बघू. हे सगळं टाटाच्या 407, 909, 1109, 1613 असल्या जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांबद्दल आहे बरं का, नवीन कॉमन रेलवाल्यांना (ज्यांचं डिझेल कॉम्प्युटर सोडतो) पेडलजवळ सेन्सर असतो, तिथं यातलं बरंचसं लागू नाही.

चालत्या गाडीत रेस अडकली तर काय करायचं ते पहिलं सांगतो, कारण खंबाटकी उतरताना हे झालं तर विचार करायला वेळ नसतो. बरेच जण घाबरून न्यूट्रल करतात, मग इंजिन वर बोंबलतं आणि उतारावर गाडी मोकळी सुटते. त्यापेक्षा गिअर आहे तसाच ठेवा, ब्रेक दाबा आणि स्टॉपर, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करायची ओढ, ओढून धरा. डिझेल बंद झालं तरी चाकं इंजिनला फिरवत राहतात, म्हणजे इंजिनचा ब्रेक लागतो, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर पण फिरतो आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही चालू राहतं. गाडी अगदी हळू झाली की मग क्लच दाबून कडेला घ्या. चावीने बंद होणारी गाडी असेल तर चावी एकच टप्पा मागे घ्यायची, काढायची नाही, स्टेअरिंग लॉक पडलं तर संपलं. पेडल वाकून हाताने ओढायला जाऊ नका, नजर रस्त्यावरनं हटते.

आता दुरुस्ती. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद आणि गार, चाकाला उटी, कॅबिन टिल्ट करणार असाल तर लॉक नीट बसलंय का बघा. सामान फार लागत नाही, 10-11 आणि 12-13 चे पाने, पक्कड, वायर ब्रश, थोडं डिझेल, पातळ ऑइल.

सगळ्यात आधी मॅट उचला. हसू नका, पायाखालची मॅट पुढं सरकून पेडलखाली अडकणं हे कारण बऱ्याचदा निघतं, आणि वर अजून एक जाड मॅट टाकली असेल तर विचारूच नका. ते नसेल तर पेडलकडून येणारी वायर किंवा सळई पंपाच्या लिव्हरपासून सोडवा. सगळी मेख इथंच आहे. आता दोन भाग वेगळे झाले, पेडल दाबून सोडा आणि पंपाचा लिव्हर हाताने ओढून सोडा. जो परत येताना कुरकुरतो त्याच्यातच रोग.

पेडलच्या बाजूला असेल तर खालची पिन आणि बुश बघा. शेतातनं फड भरून निघताना बुटाला काळी माती लागलेली असते, ती पिनेवर पडून वाळते आणि घट्ट बसते. काटा पिन काढून पिन बाहेर घ्या, ब्रशने डिझेलमध्ये धुवा, झिजून खाच पडली असेल तर पिन आणि बुश दोन्ही बदला, नुसत्या ग्रीसने खाच भरत नाही. जुनी काटा पिन परत सरळ करून घालू नका, नवीन टाका. सळईची गाडी असेल तर बॉल जॉइंट हातात धरून फिरवून बघा, सगळ्या बाजूंना सारखा फिरला पाहिजे.

वायर असेल तर तिची दोन्ही टोकं मोकळी करून आतली तार हाताने मागंपुढं ओढा. खरखर लागली, कुठं तार तुटून काटे आलेत, आउटरला (वरच्या नळीला) मोड पडलाय, किंवा सायलेन्सरच्या पाइपजवळ आउटर वितळलाय, तर सरळ नवीन वायर घ्या. वायर चांगली असून नुसती सुकली असेल तर उभी टांगून वरच्या टोकातनं पातळ ऑइलचे थेंब सोडा आणि खालनं निथळू द्या. घट्ट ग्रीस कोंबू नका, त्यात धूळ मिसळली की लापशी होते. आणि वॉशिंगवाल्याला प्रेशरचं पाणी वायरच्या टोकावर मारू देऊ नका, आतला गंज तिथनंच सुरू होतो.

लिव्हरच अडकत असेल तर बाहेरची रिटर्न स्प्रिंग तुटलीय का, हुक सुटलाय का बघा आणि लिव्हरच्या शाफ्टवरची घाण डिझेलने धुवा. काही जण ट्यूबची पट्टी बांधून लिव्हर ओढून धरतात. मला हे अजिबात पटत नाही, पट्टी तिरकी ओढते, शाफ्ट झिजतो आणि एक दिवस पट्टी तुटते. लिव्हर परत येतोय पण इंजिनची रेस खाली येत नाही, असं असेल तर दोष पंपाच्या आत, रॅक किंवा गव्हर्नरमध्ये. तिथं आपण हात घालायचा नाही, सील तोडायचं नाही, पंप दुरुस्त करणाऱ्या पंप रूमला न्यायचं, आणि तेही गाडी चालवत नाही.

एक कारण भल्याभल्या मिस्त्रींच्या लक्षात येत नाही. उभ्या गाडीत सगळं झकास, पण लोड घेऊन चढाला लागलं की रेस आपोआप वाढते किंवा गचके बसतात. अशा वेळी इंजिनचे फाउंडेशन रबर, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबर, बघा. रबर गेलं की जोर लागताना इंजिन एका बाजूला उचलतं आणि वायर नाहीतर सळई ताणली जाते, मग पेडल कितीही साफ करा, काही उपयोग नाही.

जोडताना वायरला किंचित ढील ठेवा, पाय काढलेला असताना लिव्हर स्लोच्या (सगळ्यात कमी रेसच्या) स्क्रूला टेकलाच पाहिजे. मग एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगून तुम्ही पंपाकडं बघा, लिव्हर फुलच्या स्क्रूला टेकायला आणि पेडल खालच्या स्टॉपला टेकायला एकच वेळ यावी, नाहीतर दणकट पायाचा ड्रायव्हर वायर ताणून तोडतो. स्टेअरिंग दोन्हीकडं वळवून आणि कॅबिन एकदा टिल्ट करून परत बघा, वायर कुठं दबत तर नाही ना. स्टार्ट करताना दुसरा माणूस स्टॉपरपाशी पाहिजे. स्लोवर चालू करून आधी स्टॉपर ओढा, इंजिन लगेच बंद पडलं तरच पुढं रेस द्या. स्टॉपरची वायर पण बऱ्याचदा तशीच गंजलेली असते, तिलाही याच वेळी हात लावून घ्या. आणि दुकानात वायर घ्यायला जाताना जुनी सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगितलं की लांबीत फरक पडतो, मिरजेपर्यंत परत फेरी होते.