अजिंठ्याची चित्रं बघायला निघालात? या चुका टाळा

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. त्यामुळे घरी पाहुणे आले की आम्हा खान्देशी लोकांची एक फेरी ठरलेली, आणि पाहुण्यांनी पद्मपाणी, म्हणजे १ नंबरच्या लेण्यातला हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, मोबाइलवर आधीच पाहिलेला असतो. गेल्या खेपेला मामेभाऊ १ नंबरच्या लेण्यात शिरला, मान फिरवली आणि म्हणाला, "आठे ते काहीच दिखत नई भो." दोन मिनिटांत बाहेर!

तो रणरणत्या उन्हातून थेट आत शिरला होता, तिथेच चुकलं. उजेडाने रंग खराब होतात म्हणून आतले दिवे मंदच असतात. डोळे सरावायला दहा मिनिटं तरी द्या, आणि तोवर मोबाइल खिशात ठेवा. एकदा स्क्रीन उघडली की सगळं पहिल्यापासून. मामेभावाला हाताला धरून परत आत नेलं, गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला उभं केलं. आधी झुकलेला चेहरा दिसला, मग हातातलं निळं कमळ. बऱ्याच वेळाने तोच कुजबुजला, "वांदर दिखना भो!" पद्मपाणीच्या भोवती माकडं, अर्धे माणूस-अर्धे पक्षी असे किन्नर, जोडपी असा गोतावळा आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोत तो कापलेला असतो.

"फोटोत रंग किती छान होते!" ही तक्रारही नेहमीची. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, भिंतीला मात्र समोरून पडेल तेवढ्याच उजेडावर भागवावं लागतं. त्यात निजामाच्या काळात, १९२०च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा थर दिला आणि तोच पुढे पिवळा पडला. तेव्हा फोटो शेजारी धरून रंग जुळवत बसू नका. फ्लॅशला तर बंदीच आहे.

पोपडे उडालेल्या जागा लोक टाळतात. मी तिथेच जास्त रेंगाळतो. कठड्याबाहेरून नीट निरखलं तर रंगाखाली चुन्याचा पातळ हात आणि त्याखाली माती दिसते. त्या मातीत भाताचं तूस, गवताच्या काड्या. आजीच्या धाब्याच्या घराची भिंत खरवडली की अगदी असंच निघायचं! दीड हजार वर्षांपूर्वीचा कारागीरही माती कालवूनच कामाला लागला होता, हे मला कुठल्या फोटोत कधी दिसलं नव्हतं.

स्क्रीन अगदीच टाकाऊ नाही. २ नंबरच्या लेण्यातलं छत बघताना मान अवघडते, १७ नंबरमधल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, गर्दीत धड लागत नाहीत. ते घरी येऊन निवांत झूम करून बघा. फक्त भिंत आधी, मोबाइल नंतर.

आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. लेण्यांजवळच्या फर्दापूरला पोहोचल्यावर हे कळून काय उपयोग?