साठीनंतर नुसतं चालून भागत नाही

बेळगावात पहाटे व्हॅक्सिन डेपोत किंवा किल्ला तलावाकाठी फेऱ्या मारणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ दिसतात. चांगलंच आहे ते, पण पुरेसं नाही. वयाबरोबर मांड्यांचे स्नायू झडतात, तोल कच्चा होतो. मग न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगतेच, शिवाय ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम किमान तीन दिवस करायला सांगते.

सुरुवात खुर्चीपासून करा. प्लॅस्टिकची नको, ती सरकते. जड लाकडी खुर्ची सोप्यात भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेशी बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, हात छातीवर. पुढे झुकून श्वास सोडत उठा, मग सावकाश बसा. धपकन बसू नका; खाली येतानाही मांडीला काम पडतं. आठ-दहा वेळा करून थोडं थांबा आणि पुन्हा तेवढंच करा. सुरुवातीला हाताचा आधार घेतला तरी चालेल.

मग स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचला, दहा वेळा. तिथंच एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद उभे राहा, मग पाय बदला. जमायला लागलं की हात अलगद सोडा, पण ओट्यापासून लांब जाऊ नका.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. एकदम झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग बरोबर. मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

मृग लागला की खानापूरकडे पाऊस उसंत देत नाही, अंगण शेवाळतं. तेव्हा बाहेर पडायचा हट्ट नको. सोप्यातच फेऱ्या मारा, नाहीतर जागच्या जागी गुडघे उचलत चाला.

शेतात राबलेले आजोबा म्हणतात, आम्हाला व्यायाम कशाला? पण राबणं थांबल्यावर त्यांचेही स्नायू झडतातच.

छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तिथंच थांबून डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करू नका आणि गुळाचा खडा खिशात असू द्या.