लसणाचे 'नवे' बेणे लावण्यापूर्वी

लसणाची लागण जवळ आली की 'नवीन वाण' म्हणून बेणे हातोहात फिरू लागते. घ्यायला हरकत नाही, पण नाव नवे म्हणून वाण नवा ठरत नाही. लसणाला सहसा बी धरत नाही, पाकळीपासूनच पुढचे पीक. त्यामुळे एकाच झाडाच्या नकला वर्षानुवर्षे फिरतात आणि जागोजागी वेगळी नावे घेतात. सालीची जांभळी झाक, गड्ड्याचा आकार यांवरही जाऊ नका. जमीन, थंडी, खत बदलले की तोच लसूण वेगळा दिसतो.

खरी ओळख डीएनए मार्करने, म्हणजे वाणावाणांत वेगळ्या असणाऱ्या डीएनएवरच्या खुणांनी पटते. कोवळ्या पानातून डीएनए काढून त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या पीसीआर यंत्रात असंख्य प्रती काढतात आणि जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, उमटलेल्या पट्ट्या ताडून पाहतात. चार-पाच मार्करवर मात्र भागत नाही. लसणाचा जनुकीय संच भाताच्या तीसपटींहून मोठा आहे, जुळणाऱ्या थोड्या पट्ट्यांवर काय ठरवणार? मार्करच्या पद्धतींपैकी आरएपीडी स्वस्त, पण तिच्या पट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेत तशाच येतील याचा भरवसा नसतो. एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्ती मोजणारे) किंवा एसएनपी (डीएनएतल्या एकेका अक्षराचा फरक पाहणारे) मार्कर मागा. खर्च एकट्याने करू नये, गटाने मिळून करावा.

नमुन्यात घोळ होतो तो असा: ५-६ झाडांची पाने एकाच पिशवीत कोंबली जातात आणि बेण्यातली भेसळ त्यात लपते. प्रत्येक झाडाचे कोवळे पान वेगळ्या कागदी पाकिटात घाला. वाण आणि वाफ्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने फुटते. पाकिटे ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हाताशी नुसते गड्डे असतील तर प्रत्येकाची एकेक पाकळी कुंडीत टोचा, वीतभर पान आले की पुरे.

अहवालात पट्ट्या जुळल्या म्हणजे उत्पन्नही सारखे येईल, असे नाही. ऊतीसंवर्धनातून विषाणूमुक्त केलेले बेणे आणि त्याच वाणाचे घरचे जुने बेणे यांचे मार्कर जुळतात, पण घरच्यात विषाणू साचून गड्डा बारीक होत गेलेला असतो. विषाणूची तपासणी वेगळी सांगावी लागते, हे बरेचजण विसरतात.

तीन नावांचे लसूण लावून निर्धास्त राहिलात आणि तिन्ही एकच निघाले, तर रोग एकाला लागला की तिघांनाही तितकाच लागणार. म्हणून अहवाल येईपर्यंत नवे बेणे थोडेच लावा. जुन्याशेजारच्या वाफ्यात, त्याच दिवशी, १५ बाय १० सेंमीवर आणि सारख्या वजनाच्या पाकळ्या निवडून. मोठी पाकळी मोठा गड्डा देते आणि श्रेय वाणाला जाते. काढणीला दोन्ही वेगळे तोला, साठवणीतही वेगळे टांगा.