कोकम, मानकुराद आणि गार कॉफी: दूध कशात घालायचं, कशात नाही

एप्रिल-मेच्या गोव्यातल्या उकाड्यात गरम कॉफी नकोच वाटते ना, मग रात्री ५० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी ४०० मिली साध्या पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि १२-१४ तासांनी पातळ फडक्यातून गाळून घ्या, गरम पाणी लागत नाही म्हणून कडवटपणा पण कमी उतरतो. पावडर चिकोरी नसलेलीच घ्या, चिकोरीत फळाची चव दबून जाते.

आता मेन गोष्ट. आंबट फळ असेल तर दूध अजिबात नको, फाटतं आणि वर गुठळ्या तरंगतात. कोकमाला काळी कॉफीच छान लागते, ग्लास बर्फाने भरायचा, दोन-तीन चमचे गोड कोकम सिरप, थोडा सोडा आणि वरून कॉफी अगदी हळू ओतायची, खाली लाल वर काळा असा थर मस्त दिसतो. फक्त आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, नका घालू हं, त्यात मीठ असतं, ते सोलकढीला ठेवा.

मानकुराद, म्हणजे गोव्याचा आंबा, चांगला पिकलेला असेल तर दूध चालतं, गर मिक्सरमधून काढून थंड करा, साखर शक्यतो नकोच, एवढा गोड आंबा आणि वर साखर कशाला! न शिजवलेला अननस मात्र दुधात घातला की थोड्या वेळाने कडू लागतो, त्याचा रस आधी उकळून गार करून घ्या.

उरलेली कॉफी बर्फाच्या ट्रेत ओतून ठेवा, म्हणजे ग्लास शेवटपर्यंत पाणचट होत नाही.